कृत्रिम भाषेला कुळ असतं का?

माळावरची: दिवाळी अंकासाठी एस्पेरांतोवरचा लेख मराठीत आणतेय. मी लिहिलं, 'एस्पेरांतो ही इंडो-युरोपीय भाषाकुळातली कृत्रिम भाषा.' संपादकांनी 'भाषाकुळातली'वर काट मारली. म्हणे, झामेनहॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने १८८७ साली वॉर्सात छापून काढलेली भाषा, तिला कुठलं आलंय कुळ? मग लिहू काय? उद्यापर्यंत द्यायचंय.

सुपारीबाग: आधी 'कुळ' काढा, 'भाषाकुल' करा. आमच्या कोकणात कुळ म्हणजे जमीन कसणारा. १९४८ च्या कुळकायद्यात आजोबांची निम्मी बाग गेली, घरात तो शब्द अजून कुणी काढत नाही.

खटपट्या: मग एस्पेरांतोला कुळच म्हणा की! कसेल त्याची जमीन, बोलेल त्याची भाषा.

जुनापंडित: माझा आक्षेप 'कृत्रिम'वर आहे. कृत्रिम दात, कृत्रिम फुलं. मराठी कानाला तो शब्द खोटाच वाटणार. 'घडीव' म्हणा. दगड घडीव झाला तरी दगडच राहतो ना? एस्पेरांतोचंही तसंच. 'पात्रो' म्हणजे वडील, लॅटिनकडून. 'हुंदो' म्हणजे कुत्रा, जर्मनकडून. 'काय' म्हणजे 'आणि', हे ग्रीक. खाण जुनीच, छिन्नी तेवढी नवी.

माळावरची: 'काय' म्हणजे 'आणि'?! हे तर लेखात घालतेच.

आगाऊ_मुलगा: त्यात संस्कृतही आहे. 'कियाम' म्हणजे केव्हा, 'तियाम' म्हणजे तेव्हा. 'किएल' कसं, 'तिएल' तसं. क-त ची जोडी आपलीच. हे 'किम्' उचललेलं आहे, दुसरं काय.

जुनापंडित: उचललेलं नाही हो. लॅटिनच्या घराण्याकडून आलंय. लॅटिनचं 'क्विस्' आणि आपलं 'किम्' हे मुळात एकाच घरचे, म्हणून तोंडावळा जुळतो. चुलत भाऊ दिसला की आपल्याच घरून पळाला म्हणायचं, ही सवय सोडा.

आगाऊ_मुलगा: म्हणजे नातं आहे हे तुम्हीच कबूल केलंत. संपादकांना कळवा.

सुपारीबाग: शब्दांचं नातं वेगळं, भाषेचं वेगळं. बांधणी बघा ना. 'साना' निरोगी, 'मालसाना' आजारी, 'मालसानुलो' आजारी माणूस, 'मालसानुलेयो' दवाखाना. न बदलणारे तुकडे एकापुढे एक लावत जायचे, हे तुर्कीसारखं. रक्त युरोपचं, चालणं भलतीकडचं. अशा लेकराला कुठल्या घरात घालणार?

जुनापंडित: दत्तक.

ओवी७: दत्तक कशाला? मनुस्मृतीतली मुलांच्या प्रकारांची यादी आठवा. औरस, क्षेत्रज, दत्त आणि मग 'कृत्रिम'! कृत्रिम पुत्र म्हणजे गुणदोष जाणणारा, लायक असा पाहून आपला म्हणून केलेला. आणि त्याला वारसाहक्कही आहे. पंडितकाका, तुमचा 'खोटा' शब्द तर नात्याचाच निघाला.

जुनापंडित: मनू आता कोण वाचतो? शब्दाचा अर्थ आज बाजारात चालतो तो.

खटपट्या: एरवी 'टेबल' नको 'मेज' म्हणा सांगणारे तुम्हीच ना?

जुनापंडित: 'मेज' फारसी आहे, ते मी कधीच सांगितलेलं नाही. 'महापौर' म्हणा हे सांगितलं होतं. तोही घडीवच शब्द, आज रस्त्यावरचा माणूससुद्धा म्हणतो.

ओवी७: आणखी एक. एस्पेरांतोत सुधारणा करून १९०७ मध्ये जी भाषा काढली तिचं नावच 'इदो'. एस्पेरांतोत 'इदो' म्हणजे अपत्य. 'कातो' मांजर, 'कातिदो' मांजरीचं पिल्लू. अपत्य आहे म्हटल्यावर घर नाही कसं म्हणायचं?

सुपारीबाग: जुन्या मंडळींनी त्या अपत्याला घरात घेतलं नाही ते नाही सांगितलंत.

आगाऊ_मुलगा: मग आपली 'च'ची भाषा कोणत्या कुळातली? चलाम चबाआं चदे.

खटपट्या: ती मराठीच, बुरख्यातली. आमच्या आळीत 'र्फ' लावायचे. 'च' शिकलेल्या मावसबहिणीला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, रडायची.

सुपारीबाग: आमच्याकडे 'च'च. 'र्फ' घाटावरचं.

खटपट्या: घाटावरचं कसं? मी गिरगावातला आहे.

माळावरची: अहो, माझ्या वाक्याचं काय? सध्या 'युरोपीय भाषांची मानसकन्या' लिहून पाठवतेय.

जुनापंडित: मानसकन्या ब्रह्मदेवाची असते, युरोपची नव्हे. पाठवू नका, थांबा.

आगाऊ_मुलगा: चठवापा चठवापा!