मदत हवी आहे: इन्स्टाच्या पोलला मतं भरपूर, ऑर्डर नाही

सोलांवाली
कृपया लवकर सांगा, पाऊस तोंडावर आलाय. मी स्टोरीत पोल टाकते, क्विझ टाकते, प्रश्नांची पेटीसुद्धा ठेवली. शंभरावर माणसं मत देतात, बदाम पाठवतात, आणि ऑर्डर येत नाही. भाचा म्हणतो, रोज टाकत राहा. रोजच टाकते आहे. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, दिवस सरले की हा माल कोण घेणार? नेमकं काय करायचं ते सांगा.

फोंडेकर
ताई, विकता काय? खातं साधं की बिझनेस? बघणारे गोव्यातले की बाहेरचे? ऑर्डर कुठे घेता?

सोलांवाली
नावावरून कळतंय की. सोलां म्हणजे वाळवलेली आमसुलं, आगळ म्हणजे कोकमाचा खारा रस, मिसकूट म्हणजे आंब्याचं लोणचं, आणि फणसाची साठां, म्हणजे फणसपोळी. सगळं घरचं. खातं बिझनेसचं. ऑर्डर व्हॉट्सॲपवर.

बार्देसकर
पोल वगैरे सोडा. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसा. गिऱ्हाईक सोलां हातात घेतं, वास घेतं, मग पैसे काढतं. फोनवर वास येत नाही. आमच्या घरचं लोणचं तिथेच खपतं.

सोलांवाली
सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, सकाळभर बाजारात बसणं शक्य नाही. म्हणून तर फोनवरून विकते आहे.

पर्वरीची पोर
गिव्हअवे ठेवा ना! "तीन मैत्रिणींना टॅग करा आणि बरणी जिंका." माझ्या केकच्या पेजचे फॉलोअर त्यानेच वाढले.

फोंडेकर
फॉलोअर वाढले, पण त्यातल्या कितींनी नंतर केक घेतला? फुकट बरणीसाठी आलेली माणसं बरणी वाटून झाली की निघून जातात. शिवाय "या योजनेशी इन्स्टाग्रामचा संबंध नाही" असं लिहावं लागतं, ते कोणीच लिहीत नाही.

पर्वरीची पोर
घेतला आहे. वाढदिवसाच्या ऑर्डरी त्यातूनच आल्या. प्रत्येकाचा धंदा वेगळा असतो.

काणकोणकर
व्हॉट्सॲपची लिंक स्टोरीत टाकली की काम झालं. पण त्याला दहा हजार फॉलोअर लागतात, तेवढे होईपर्यंत धीर धरा.

फोंडेकर
ती अट जुनी. ऑक्टोबर २०२१ पासून लिंकचा स्टिकर सगळ्यांना मिळतो. ताई, आजच लावा. आणि एक सांगा, पोलमध्ये विचारता काय?

सोलांवाली
"मिसकूट आवडतं का?" पर्याय दोन: हो, खूप. लोक "खूप" दाबतात.

माशेलची सून
बाय, गाठ इथे आहे. मी चवथीला (गणेशचतुर्थीला) नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आणि लाडू विकते, तीन हंगाम याच खात्यावर. आवडतं का विचारलं की माणूस हो म्हणतो आणि पुढची स्टोरी बघायला जातो. त्याच्या उत्तराने तुझ्या हातात काही पडत नाही. जे तुला वजनकाट्यावर लागणार आहे ते विचार. सोलां पाव किलो की अर्धा? म्हापशात घेणार की घरी पोचवू? मिसकूट तिखट की मध्यम?

मग स्टोरीवर बोट वर सरकव. कुणी काय निवडलं ते नावासकट दिसतं. त्याच संध्याकाळी एकेकाला लिही, "तुम्ही अर्धा किलो निवडलंत, ठेवू का बाजूला?" सगळ्यांना एकच मजकूर चिकटवू नकोस, नाव घालून लिही. माझ्या बहुतेक ऑर्डरी या दुसऱ्या निरोपातून येतात. जो तुला फॉलो करत नाही त्याला तुझा निरोप रिक्वेस्टमध्ये जातो, तो बघेलच असं नाही, म्हणून आधी आपले फॉलोअर धर.

प्रश्नांच्या पेटीत "काहीही विचारा" लिहू नकोस. "मिसकूट मागवताना कसली शंका येते?" असं विचार. तेल कुठलं, किती टिकतं, कुरिअरने सांडतं का, हेच येईल. उत्तरं स्टोरीत टाकलीस तरी विचारणाऱ्याचं नाव दिसत नाही, त्यामुळे लोक मोकळेपणी विचारतात. ती उत्तरं हायलाइटमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर टिकून राहणाऱ्या स्टोऱ्यांत, ठेव, नाहीतर २४ तासांत जातील.

क्विझ मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी चांगली. सोलांना उन्हात वाळवताना आगळ पुन्हा पुन्हा लावतात हे त्यांना माहीत नसतं. वाळत घातलेल्या सोलांचा फोटो लाव आणि तेच विचार.

सोलांवाली
एकेकाला लिहायचं? आणि ब्रॉडकास्टचं काय? व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवते, तेही कोणी वाचत नाही.

फोंडेकर
ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो. एका यादीत २५६ जण बसतात. बरणीबरोबर चिठ्ठी द्या, "नंबर सेव्ह करा, नवा माल आला की कळवू."

डिचोलीचा अनिल
एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी केलीत का? लेबलवर १४ आकडी नंबर लागतो. घरगुती असलं तरी लागतो.

सोलांवाली
आहे. ते विचारलं नव्हतं.

बार्देसकर
मिसकूट कसल्या आंब्याचं आहे? मालगेशी जातीच्या आंब्याचं नसेल तर मी घेणार नाही.

काणकोणकर
कोवळा रायवळ आंबा असला की पुरे. मालगेशीचा हट्ट बार्देसचा. मसाल्यात आमच्या काणकोणातल्या खोला गावची मिरची हवी, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली.

बार्देसकर
तुम्हाला खोल्याशिवाय काही दिसत नाही. हरमलची मिरचीही जीआयवाली आहे.

माशेलची सून
तुम्ही दोघे वेगळा धागा काढा, तिला पावसाआधी माल खपवायचा आहे.

फोंडेकर
ताई, तुमच्या खात्यावर गेलो होतो. किंमत कुठेच नाही.

सोलांवाली
विचारलं की सांगते. सगळे असंच करतात ना?

फोंडेकर
विचारायला लागलं की निम्मे परत जातात. विचारणाऱ्याला वाटतं, किंमत जास्त असली तर नाही म्हणायला लाज वाटेल. स्टोरीतच लिहा, वजनासकट. पोलच्या पर्यायातसुद्धा बसते.

पर्वरीची पोर
हे मात्र खरं. मी केकची किंमत फोटोवरच लिहिते.

सोलांवाली
बरं. आत्ताच टाकलं: "सोलां, पाव किलो की अर्धा", दोन्हींची किंमत पर्यायात, खाली व्हॉट्सॲपची लिंक. सहा जणांनी अर्धा निवडलंय. लिहायला बसते. त्यातली एक वास्कोची आहे, तिला शनिवारी माल हवाय. शनिवारी म्हापशाहून वास्कोला कोणी जाणार आहे का?

डिचोलीचा अनिल
मी पणजीपर्यंत जातो. पुढे तिने यायला हवं.

माशेलची सून
पणजीचं तिला विचारून बघ. नाही म्हणाली तर मला सांग, माझा दीर सोमवारी वास्कोला जातो.