२.५ चं ३ करू नका

संयुगाचं रेणुसूत्र, म्हणजे एका रेणूत कोणाचे किती अणू हे काढताना, त्याच्या मोलर वस्तुमानाला (एका मोलचं वस्तुमान), २८३.८९ ला, टक्केवारीवरून काढलेल्या साध्या सूत्राच्या वस्तुमानाने भागल्यावर उत्तर पूर्णांकात येत नाही, मग जवळचा आकडा धरायचा का, असं तुम्ही विचारलंय. कृपया धरू नका, चूक आधीच्या पायरीत आहे.

तुमच्या संयुगात फॉस्फरस ४३.६४ टक्के, ऑक्सिजन ५६.३६ टक्के, म्हणजे १०० ग्रॅममध्ये तेवढे ग्रॅम. अणुवस्तुमानांनी, म्हणजे ३०.९७ आणि १६ ने भागलं की १.४०९ आणि ३.५२३ मोल (अणूंची संख्या मोजायचं एकक) मिळतात. गुणोत्तर १ : २.५. इथे तुम्ही २.५ चं ३ केलंत. त्या १ : ३ च्या सूत्राचं वस्तुमान ७८.९७, म्हणून भागाकार ३.५९ आला. खरं तर हा विचित्र आकडाच तुम्हाला सावध करत होता!

२.९८ आलं असतं तर ३ धरणं ठीक, तेवढा फरक मोजमापात पडतोच. पण .५, .३३, .२५ दिसलं की सगळं गुणोत्तर अनुक्रमे २, ३, ४ ने गुणायचं. इथे २ : ५ मिळतं, वस्तुमान १४१.९४. आता २८३.८९ ला भागा, बरोबर २. म्हणजे रेणूत फॉस्फरसचे ४ आणि ऑक्सिजनचे १० अणू.

अणूंची रचना मात्र यातून कळत नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोघांचंही मोलर वस्तुमान १८०.१६ आणि रेणुसूत्रही एकच.