फॉलिंगवॉटर हे घर धबधब्याच्या वरच का बांधलं?

प्रश्न: आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सर म्हणतात अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटचं फॉलिंगवॉटर म्हणजे ऑरगॅनिक आर्किटेक्चरचा (इमारत आजूबाजूच्या निसर्गाशी एकरूप करण्याचा विचार) कळस, पण घर थेट धबधब्यावर कशाला? समोर बांधलं असतं तर खिडकीतून दिसला तरी असता ना?

उत्तर १: अरे, मालक कॉफमनलाही तेच वाटलेलं! राइटचं म्हणणं, धबधबा नुसता बघायचा नाही, त्याच्यासोबत राहायचं. डिझाइन १९३५ चं, दगड तिथल्याच परिसरातला, आणि हॉलमध्ये फायरप्लेसपुढे मूळचा खडक जमिनीतून वर आलेला तस्साच ठेवलाय, मला तर तेच सगळ्यात भारी वाटतं.

उत्तर २: कौतुक ठीक, पण त्या अधांतरी गच्च्या वाकल्या हेही सबमिशनमध्ये लिही, राइटच्या हिशोबापेक्षा जास्त सळई टाकली होती तरी शेवटी २००२ मध्ये केबल ताणून स्लॅब सावरावे लागले.

प्रश्नकर्ता: बापरे, हे माहीतच नव्हतं 😄