'शॅल' म्हणजे सक्ती, 'मे' म्हणजे मर्जी. यात वाद कसला?

पायरीवरचा:
आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या नियमात इंग्रजीत आहे, 'शॅल बी अलॉटेड बाय लॉटरी'. शेजारी मराठी: 'वाटप सोडतीने करण्यात येईल'. तीन वर्षं झाली, सोडत नाही. सभेत विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, "येईल लिहिलंय ना? मग येईल की!" सगळे हसले. माझी स्कूटर अजून गेटबाहेर भिजतेय. माझं म्हणणं सरळ आहे. शॅल असेल तर करायलाच हवं, मे असेल तर वाटलं तर करा. कुणाचं वेगळं मत?

जुना_कारकून:
माझं. नुसता शब्द बघून निकाल लागले असते तर वकील उपाशी मेले असते. घटनेच्या कलम 320 मध्ये लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबाबत चक्क 'शॅल' आहे. तरी 1957 मध्ये मनबोधनलाल श्रीवास्तव प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं, त्या सल्लामसलतीत त्रुटी राहिली म्हणून कर्मचाऱ्यावरची कारवाई रद्द होत नाही. विलायतेतही तेच. ऑक्सफर्डच्या बिशपचा 1880 चा खटला बघा. कायद्यात 'इट शॅल बी लॉफुल' होतं, आणि चौकशी नेमायची की नाही ही बिशपची मर्जी ठरली. शॅल असून मर्जी!

पायरीवरचा:
काका, दोन खटले दाखवून नियम मोडत नाही. कलम 74 घ्या. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला 'शॅल'ने बांधलं. 1978 ला 44 व्या दुरुस्तीत फेरविचाराला परत पाठवायची मुभा दिली, तिथे 'मे'. फेरविचारानंतर आलेला सल्ला मात्र पुन्हा 'शॅल'. एकाच कलमात दोन्ही शब्द मोजूनमापून बसवलेत. उगीच?

अनुवादवाली:
तुम्ही दोघं इंग्रजीवरून भांडताय, घोळ मराठीत आहे. शाळेत 'आय आणि वीला शॅल, बाकी सगळ्यांना विल' घोकलं, तेव्हापासून शॅल म्हणजे भविष्यकाळ. कायद्याच्या मराठीतही तोच '-ईल' आला. 'इंडिया, अर्थात भारत, हा राज्यांचा संघ असेल', हे कलम 1. म्हणजे पुढेमागे कधीतरी असेल? तिथे शॅल हुकूमही देत नाही, आहे ते ठरवून टाकतो. आणि आता नीट बघा: शॅलचं 'करण्यात येईल', मेचं 'करता येईल'. सख्खी भावंडं! घाईत वाचणाऱ्याला सक्ती आणि मुभा एकच वाटणार. मी स्वतः सक्तीला 'करावे लागेल' लिहिते. साहेबांना ते उद्धट वाटतं, ही वेगळी रड.

घाटमाथा:
मग शॅलच हाकला. अमेरिकेने 2007 मध्ये दिवाणी दाव्यांचे फेडरल नियम नव्याने लिहिताना तेच केलं, बहुतेक जागी 'मस्ट' आलं.

जुना_कारकून:
मस्टने काय दिवे लागणार? कोर्ट तिथेही विचारणारच, नाही पाळलं तर पुढे काय? पायरीवरचे, तुमच्या नियमात सोडतीला मुदत आहे का?

पायरीवरचा:
आत्ता काढून वाचला. तारीखच नाही. सेक्रेटरींचं 'येईल' त्यावरच तीन वर्षं जगलंय. शॅलबद्दल माझं मत तेच आहे हं, पण पुढच्या सभेत दुरुस्ती मांडतो: 'दरवर्षी 30 एप्रिलपर्यंत सोडत काढावी लागेल.'

अनुवादवाली:
कुणाला काढावी लागेल? 'समितीला' घाला आधी. नाहीतर चिठ्ठ्या तुम्हालाच कापायला बसवतील.