उणे, वजा की ऋण? (-४) × (-३) तोंडानं कसं म्हणायचं

धरमपेठकर: सातवीच्या पूर्णांकांच्या गुणाकारावर ऑडिओ धडे करून राहिलो, इंग्रजी स्क्रिप्ट मराठीत आणायची आहे. लिहायला काही त्रास नाही, पण (-४) × (-३) वाचायचं कसं? मी ‘उणे चार गुणिले उणे तीन’ केलं. रेकॉर्डिंगवाली ताई म्हणते असं कोणी बोलतच नाही, ‘वजा चार’ करा. आमच्या शाळेत तर वजा म्हणजे क्रिया आणि उणे म्हणजे संख्येचं चिन्ह असं शिकवलं होतं. हा भेद खरंच आहे का?

गणिताच्या बाई: आहे, आणि पाळावाच. ५ - (-३) हे ‘पाच वजा उणे तीन’ असं वाचलं की पोराला कळतं, एक रेघ काम सांगते आणि दुसरी संख्येची स्वतःची आहे. ‘वजा वजा अधिक’ एवढंच पाठ झालं की तीच मुलं -५ - ३ चं उत्तर अधिक आठ लिहितात. दोन रेघा दिसल्या की अधिक! वह्या तपासताना हे सारखं दिसतं, म्हणून कळकळीनं सांगते.

इतवारीवाला: बाई, वर्गाबाहेर कोण म्हणते उणे? पेपरात ‘पारा उणे चार अंशांवर’ असते तेवढंच, आन् ते पण काश्मीरचं, नागपुरात कुठून येणार. सेमीवाली पोरं ‘मायनस मायनस प्लस’ म्हणतात आन् गणित सोडवतात, त्यांना काहून अडवायचं?

महालचा वाचक: वजा मुळात अरबी, बाकीसुद्धा अरबीच. उणे आपला, संस्कृत ‘ऊन’वरून आलेला, एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस मोजताना आपण तो रोज उच्चारतो, ‘एकानं कमी वीस’. घरचा शब्द असताना उसना कशाला?

इतवारीवाला: मग हिशेब, रक्कम, जमा, खर्च हे पण काढा काका, दुकानात बोलायचं काय मग?

सदरची ताई: ऋण म्हणा ना सरळ. ब्रह्मगुप्तानं ६२८ सालीच ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन आणि ऋण हेच शब्द धरून गुणाकाराचे नियम दिले, ऋण गुणिले ऋण धन, धन गुणिले ऋण ऋण.

धरमपेठकर: पण ताई ऋण म्हटलं की मुलं विचारतात, कर्जाला कर्जानं गुणलं तर पैसे कसे येतील? बेरजेत ऋण छान बसतं, गुणाकारात अडतं.

सदरची ताई: दोन्ही संख्यांना कर्ज समजायचंच नाही. एक रक्कम, दुसरी वेळा. २०० चा हप्ता म्हणजे -२००. तीन हप्ते अंगावर पडले तर ३ × (-२००), म्हणजे -६००. तीन हप्ते माफ झाले तर (-३) × (-२००), आणि तुमची स्थिती ६०० नं सुधारली. माफी हीच ती उणे वेळ.

गणिताच्या बाई: उदाहरण चांगलं आहे पण मी फळ्यावर ओळीच लिहिते. २ × (-४) = -८, १ × (-४) = -४, ० × (-४) = ०. दर पायरीला चार वाढतात, मग (-१) × (-४) ला ४ च यायला पाहिजे, नाहीतर क्रम मोडतो. मुलं खालची ओळ स्वतः सांगतात, नियम मला सांगावाच लागत नाही.

महालचा वाचक: भास्कराचार्यांचं सूत्र बघा, ‘स्वयोरस्वयोः स्वं वधः’. सिद्धांतशिरोमणी ११५० चा, बीजगणित त्यातलाच भाग. स्व म्हणजे धन, अस्व म्हणजे ऋण, आणि वध म्हणजे गुणाकार!

इतवारीवाला: वध? गुणाकारात कोणाचा वध होते बापा?

महालचा वाचक: धुळीच्या पाटीवर गुणताना जुने अंक पुसून त्या जागी नवे लिहायचे, म्हणून हनन, वध, घात हे शब्द आले असं सांगतात.

धरमपेठकर: मंडळी, रेकॉर्डिंग उद्या आहे, उणे ठेवू की वजा?

सदरची ताई: थांबा, घात म्हणजे गुणाकार? आज तर पाचाचा तिसरा घात म्हणजे ५ × ५ × ५. हा अर्थ कधी बदलला?

गणिताच्या बाई: बदलला कुठे, घात म्हणजे त्याच संख्येचा पुन्हापुन्हा गुणाकारच की.

सदरची ताई: मग ३ × ४ ला घात का म्हणत नाही आपण? मला नाही पटत बाई.