सॉफ्टवेअर घड्याळ की आरटीसी चिप? एटमेगा३२८पी वर वेळ कोणी राखायची

टिकटिक:
बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्ह किंवा तापमानाचा लॉगर करायचा म्हटलं की लगेच डीएस३२३१ या आरटीसी चिपचं (वेळ राखणाऱ्या वेगळ्या चिपचं) मॉड्यूल लावायचं, ही सवय सोडावी असं माझं ठाम मत आहे. एटमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरमध्ये घड्याळाची सोय आहेच. टायमर-२ ला (चिपमधल्या एका मोजणी यंत्रणेला) ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल जोडा, प्रीस्केलर (वारंवारतेला भागणारा आकडा) १२८ ठेवा. सेकंदाला २५६ टिक मिळतात आणि आठ बिटी टायमर बरोबर सेकंदाला एकदा ओव्हरफ्लो होतो, म्हणजे भरून पुन्हा शून्यावर येतो. बाकी वेळ चिप पॉवर-सेव्हमध्ये झोपलेली. १.८ व्होल्टला घड्याळ धरून साधारण पाऊण मायक्रोअँपिअर.

कॅलेंडर तर त्याहून सोपं. १ मार्च २००० पासूनचे सेकंद एका ३२ बिटी आकड्यात मोजा आणि तारीख फक्त दाखवताना काढा. वर्ष मार्चपासून धरलं की २९ फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी जातो. मग मार्च = ० धरून (१५३ × महिना + २) ÷ ५ या पूर्णांक भागाकारातून त्या महिन्याआधीचे दिवस मिळतात. महिन्यांचा तक्ता नको. आपल्याकडे उन्हाळी वेळेची भानगडही नाही, जागतिक वेळेत १९,८०० सेकंद मिळवले की झालं.

खटका:
“सोय आहेच” हे अर्धंच खरं. या चिपवर ३२ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलचे पाय आणि मुख्य क्रिस्टलचे पाय एकच आहेत. म्हणजे अर्डुइनो उनो बोर्डवर हे जमत नाही. सुटी चिप घेऊन आतल्या, क्रिस्टलशिवाय चालणाऱ्या ८ मेगाहर्ट्झ आरसी ऑसिलेटरवर चालवावी लागते. त्याची फॅक्टरी अचूकता ±१० टक्के, सिरियल पोर्टवर कचरा यायला तेवढं पुरतं.

शिवाय तापमान. ट्यूनिंग फोर्क क्रिस्टल २५ अंशाला सर्वात वेगात असतो, दोन्ही बाजूंना मंदावतो: २५ अंशांपासूनच्या फरकाचा वर्ग × ०.०३४ पीपीएम (दहा लाखांत एक भाग). उन्हातल्या डब्यात ४५ अंश झाले की १३.६ पीपीएम, दिवसाला सुमारे १.२ सेकंद मागे. त्यात क्रिस्टलची मूळ ±२० पीपीएम, म्हणजे महिन्याला ५२ सेकंदांपर्यंत. डीएस३२३१ स्वतः तापमान मोजून दुरुस्ती करते: ० ते ४० अंशांत ±२ पीपीएम, वर्षाला जेमतेम एक मिनिट.

अधिकमास:
कॅलेंडरच्या सूत्रात एक खड्डा आहे, तो सांगितलाच पाहिजे. चार वर्षांचं चक्र १,४६१ दिवसांचं. चक्रातला दिवस ३६५ ने भागून वर्ष काढलं, तर शेवटच्या दिवशी, म्हणजे २९ फेब्रुवारीला, १४६० ÷ ३६५ = ४ येतं आणि घड्याळ १ मार्च दाखवतं. उत्तर ४ आलं तर ३ धरा. ही चूक चार वर्षांतून एकच दिवस दिसते, म्हणून चाचणीत २९ फेब्रुवारी २०२८ हाताने घालून पाहाच. हे चक्र २८ फेब्रुवारी २१०० पर्यंत चालतं, कारण २१०० लीप वर्ष नाही.

दुसरं, सेकंदांचा आकडा वाचताना इंटरप्ट (चालू काम थांबवून आधी दुसरं करायला लावणारा संकेत) बंद करा. आठ बिटी प्रोसेसर चार बाइट एकेक करून उचलतो. ६५,५३५ वरून ६५,५३६ होताना मधेच इंटरप्ट आला, तर खालचे दोन बाइट जुने आणि वरचे नवे मिळून घड्याळ १८ तास १२ मिनिटं पुढे दिसतं.

लघुलहर:
घरात प्लगवर चालणारं यंत्र असेल तर क्रिस्टल कशाला? ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल देऊन मेनपासून वेगळं ठेवणारा भाग) लावून मेनचे ५० हर्ट्झ मोजा.

खटका:
आपल्या ग्रिडला ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा पट्टा मान्य आहे. दिवसभर ४९.९० राहिली तर १७३ सेकंद मागे पडाल. वर लाइट गेली की मोजणीच बंद.

टिकटिक:
आरसीचा मुद्दा मान्य, पण त्यावर उपाय त्याच क्रिस्टलमध्ये आहे. टायमर-२ च्या एका टिकमध्ये ८ मेगाहर्ट्झला ३१,२५० सायकल बसायला हव्यात. टायमर-१ ने मोजा आणि आरसीचा वेग ठरवणारं कॅलिब्रेशन रजिस्टर एकेक पायरी हलवा.

क्रिस्टलची मूळ चूकही काढता येते. समजा घड्याळ दिवसाला १.५ सेकंद पुढे जातं. ते ३८४ टिक झाले, म्हणजे दर २२५ सेकंदांनी एक टिक जास्तीचा थांबायचं. आठ बिटी टायमर २५७ मोजू शकत नाही, म्हणून अर्ध्या सेकंदाचा इंटरप्ट घ्या: कंपेअर रजिस्टरमध्ये (टायमरने कुठवर मोजायचं तो आकडा) १२७, आणि दर ४५० व्या वेळी १२८.

जागं झाल्यावर लगेच पुन्हा झोपवू नका. क्रिस्टलचं एक आवर्तन व्हायच्या आत झोपवलं तर पुढचा इंटरप्ट येतच नाही. टायमरच्या एखाद्या रजिस्टरमध्ये लिहा, बिझी फ्लॅग (लिहिणं अजून पूर्ण न झाल्याची खूण) उतरू द्या, मग झोपवा.

आणि त्या स्वस्त डीएस३२३१ मॉड्यूलवर डायोड व २०० ओहमचा रेझिस्टर असतो, तो चार्ज होणाऱ्या सेलसाठी. तिथे साधा सीआर२०३२ घालून ५ व्होल्ट दिले तर तो सेल चार्ज होत राहतो. हे धोक्याचं आहे. रेझिस्टर काढलाच पाहिजे.

खटका:
तुमची दुरुस्ती ज्या तापमानाला मोजली तिथेच खरी. शिवाय पावसाळ्यात क्रिस्टलच्या पायांमध्ये सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला असेल तर ओल धरून गळती होते, कधी ऑसिलेटर बंदच पडतो. डीएस३२३१ मध्ये क्रिस्टल आतच बंद आहे आणि ऑसिलेटर थांबला होता का, हे सांगणारा फ्लॅगही आहे. सॉफ्टवेअर घड्याळाकडे तो कुठे?

अधिकमास:
थोडाफार करता येतो. सेकंदांचा आकडा आणि त्याचा चेकसम (आकडा बिघडला का ते तपासणारी बेरीज) रॅमच्या, सुरुवातीला शून्य न होणाऱ्या भागात ठेवा. वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप पुन्हा सुरू करणारा टायमर) रीसेटनंतर चेकसम जुळला तर वेळ पुढे चालू, नाही तर डिस्प्लेवर रेघा दाखवून वेळ विचारा. कंपाइलची वेळ आपोआप घालू नका, प्रत्येक रीसेटला घड्याळ त्याच क्षणावर परत जातं. बॅटरी बदलताना मात्र मोठा कपॅसिटर किंवा दुसरा सेल लागेलच, तिथे खटका यांचं बरोबर आहे.