घरच्या सर्व्हरवर काय ठेवावं, काय ठेवू नये?

जुना_लॅपटॉप

१ जून २०२१ पासून गूगलने फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद केली, त्याच महिन्यात मी घरी सर्व्हर सुरू केला, म्हणजे आपल्या फायली स्वतःच सांभाळणारा, चोवीस तास चालू असलेला संगणक. जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं डॉकर. फोटो सांभाळायला आता इमिच, सिनेमे बघायला जेलीफिन, दोन्ही फुकट प्रोग्राम. मीटर लावून बघितलं तर सरासरी २० वॅट, म्हणजे महिन्याला साधारण १४ युनिट.

इतक्या वर्षांनंतर माझं मत असं झालंय की जे दोन दिवस बंद राहिलं तरी घर अडत नाही, तेवढंच घरी चालवावं. फोटो, सिनेमे, कागदपत्रांच्या प्रती जरूर ठेवा. मेल आणि पासवर्ड नको. मेलचं असं की घरगुती जोडणीचा इंटरनेटवरचा पत्ता बदलत राहतो, बऱ्याच ठिकाणी मेल बाहेर पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट (जोडणीचं दार) बंद असतं, आणि स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या यादीत असे पत्ते आधीच नोंदलेले असतात. मग तुमचं पत्र समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतं आणि तुम्हाला कळतही नाही. पाय-होलही मी काढून टाकला. जाहिराती अडवण्यासाठी घरातल्या सगळ्या उपकरणांना साइटचे पत्ते तोच शोधून द्यायचा. मुलीच्या ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी तो अडकला आणि अख्ख्या घराचं इंटरनेट गेलं.

आणि राउटरवर पोर्ट उघडून सर्व्हर जगासमोर मांडू नका. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट या खंडणीखोर टोळीने क्यूनॅप कंपनीचे असे उघडे ठेवलेले साठवणीचे डबे शोधून शोधून त्यातल्या फायली कुलूपबंद केल्या आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली.

तिजोरी_घरातच

मेलचं पटलं. पासवर्डचं अजिबात नाही. २०२२ मध्ये पासवर्ड सांभाळणाऱ्या लास्टपास कंपनीच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या, प्रती चोरीला गेल्या. पासवर्ड कुलुपात होते, पण कोणाचं कुठल्या साइटवर खातं आहे ते पत्ते उघडे होते. लाखो लोकांच्या किल्ल्या एका जागी असल्या की चोर तिथेच जाणार.

मी व्हॉल्टवॉर्डन चालवतो, म्हणजे पासवर्डांची तिजोरी घरच्याच सर्व्हरवर, आणि ती उघडायला बिटवॉर्डनचं ॲप. तुमची ‘दोन दिवस बंद’ची कसोटी इथेही पूर्ण होते. ते ॲप फोनवर कूटबद्ध (कुलूपबंद) प्रत ठेवतं, त्यामुळे सर्व्हर बंद असला तरी जुने पासवर्ड दिसतात. फक्त नवीन साठवता येत नाही.

जुना_लॅपटॉप

फोन हरवला आणि सर्व्हरही त्याच वेळी बंद असला तर? दुसरं, व्हॉल्टवॉर्डनला एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, लागते. त्यासाठी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते ते प्रमाणपत्र ९० दिवसांचं. नूतनीकरण अडकलं की ॲप सर्व्हरशी बोलत नाही. तुम्ही ते बघाल. घरातले बाकीचे काय करतील?

नाचणे_रोड

रत्नागिरीहून लिहितोय. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी हाच यूपीएस. पण चोवीस तास चार्जरवर असलेली बॅटरी फुगते. माझी इतकी फुगली की टचपॅड वर आला होता. सेटिंगमध्ये सोय असेल तर चार्जिंग ६० टक्क्यांवर थांबवा, आणि वर्षातून दोनदा उलटा करून बघा. राउटरला वेगळा छोटा यूपीएस लागतोच.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरणाऱ्यांनी मेमरी कार्डावर भरवसा ठेवू नये. सतत लिहून लिहून ते मरतं. एसएसडी लावा.

बाहेरून पोचण्यासाठी आधी राउटरला मिळालेला पत्ता बघा. त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ मधली असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या अनेक ग्राहकांत वाटलेल्या सामायिक पत्त्यामागे आहात, पोर्ट उघडूनही उपयोग नाही. टेलस्केल ही आपल्या उपकरणांना आपसात जोडणारी खासगी जोडणीची सेवा त्यातूनही वाट काढते.

राहिला बॅकअप. माझ्या दोन डिस्क आरशासारख्या जोडलेल्या आहेत. एक गेली तरी दुसरी आहे, आणखी काय पाहिजे?

जुना_लॅपटॉप

दादा, चुकून एक फोल्डर पुसलं की ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. आरसा डिस्क मेल्यावर वाचवतो, माणसाच्या हातून झालेल्या चुकीपासून वाचवत नाही. तिसरी डिस्क घ्या, महिन्यातून एकदा प्रत काढा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. माझी बहिणीकडे असते. इमिच असेल तर नुसतं फोटोंचं फोल्डर पुरत नाही. इमिच आपल्या नोंदी ज्यात ठेवतं तो पोस्टग्रेसचा डेटाबेसही काढून ठेवा, नाहीतर अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं गेली.

लेक_कोल्हापूरची

मी विरोधात लिहितेय, आणि तुम्ही सगळ्यांनी तांत्रिकच बोलायचं ठरवलंय म्हणून लिहितेय.

आमच्या घरचा सर्व्हर बाबांनी उभा केला होता. सगळं चोख. बॅकअप होता, कुलूप होतं. मागच्या वर्षी ते सतरा दिवस रुग्णालयात होते, पैकी पाच अतिदक्षता विभागात. दुसऱ्याच दिवशी घरची वीज गेली. परत आल्यावर डबा सुरू झाला, पण डिस्क उघडायला पासवर्ड मागत होता. तो फक्त बाबांना माहीत. विम्याची पॉलिसी त्यात होती. आई रात्री अकरा वाजता एजंटला फोन करून प्रत मागत होती.

बाबा घरी आले, बरे आहेत. आल्यावर मी सगळं पैसे देऊन मिळणाऱ्या सेवेवर हलवलं. ते अजून थोडे नाराज आहेत. पण ‘घरचा’ सर्व्हर म्हणताना तो घरातल्या एकाच माणसाचा असतो, हे तुम्ही कोणी लिहिलं नाहीत.

तिजोरी_घरातच

ताई, हे वाचून मी आत्ता उठून बायकोला विचारलं. तिला आमच्या तिजोरीचा मुख्य पासवर्ड माहीत नाही. आज लिहून देतो. तरी माझं मत तेच आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेचा पासवर्डही बाबांनाच माहीत असता तर हेच झालं असतं.

लेक_कोल्हापूरची

तिथे निदान ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण असतं, आणि आईच्या नंबरवर ओटीपी आला असता. तुमच्या डब्याला तसं बटण नाही.

जुना_लॅपटॉप

ताईंचं खरं आहे. माझा वरचा नियम अपुरा होता. कागदपत्रांच्या प्रती घरी ठेवा असं मी बेधडक लिहिलं, ते सुधारतो: पॉलिसी, मृत्युपत्र, मालमत्तेचे कागद यांची एक प्रत अशा जागी हवी जिथे सर्व्हरशिवाय पोचता येईल. फोटोंबद्दल मात्र मी ठाम आहे.

या रविवारी मी बाजूला बसणार आहे, एक शब्दही बोलणार नाही. बायको फक्त माझ्या लिहिलेल्या कागदावरून बॅकअपच्या डिस्कमधले फोटो उघडून बघेल. कुठे अडली ते इथे लिहितो.

लेक_कोल्हापूरची

कागद शिधापत्रिकेच्या फाइलमध्ये ठेवा. ती घरातल्या सगळ्यांना सापडते.